कृपादान दाबू की घर सांभाळू?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका भगिनीनं सात पानी पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

वय 41. माहेर आणि सासर दोन्ही चार पिढ्यांपासून मिशनच्या जुन्या मंडळीतलं. तीन वर्षांपूर्वी त्या ओळखीच्या एका बाईंबरोबर शहरातल्या एका प्रार्थनासभेला गेल्या. तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि त्यांच्या तोंडून अन्य भाषा आली, म्हणजे प्रार्थनेच्या भरात न शिकलेले, अनोळखी शब्द. पुढे त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली तेव्हा काहींना आराम पडला. सभेतले लोक म्हणू लागले, ‘ताईंना आरोग्याचं कृपादान आहे,’ म्हणजे आजाऱ्यांना बरं करण्याची पवित्र आत्म्यानं दिलेली देणगी. आता आठवड्यातल्या चार संध्याकाळी त्या सभेला, नाहीतर कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जातात.

दीड वर्षापूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अस्पष्ट झालं. घर एकत्र आहे. खालच्या मजल्यावर सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊ, वरच्या मजल्यावर या. सासूबाईंचं सगळं जाऊच बघते. पत्रात एक वाक्य जाता जाता आलं आहे : ‘सासूबाई काय म्हणतात ते घरात फक्त तिलाच कळतं.’ नवरा चिडचिड करतो. तेरा वर्षांची मुलगी परवा म्हणाली, ‘मम्मी, तू सगळ्यांच्या आजींसाठी प्रार्थना करतेस, आपल्या आजीजवळ कधी बसतेस?’

गेल्या पावसाळ्यात जुन्या मंडळीत रविवारच्या उपासनेत त्या अन्य भाषेत मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. पंचांनी थांबवलं. कुणीतरी म्हणालं, ‘हे आत्म्याचं नव्हे, दुसरंच काही आहे.’ त्या रागाच्या भरात बोलून गेल्या, ‘तुमच्यात आत्माच नाही.’ महिला मंडळाच्या सेक्रेटरी, म्हणजे त्यांची वीस वर्षांची मैत्रीण, तेव्हापासून बोलत नाहीत. सभेचे पुढारी सांगतात, ‘आत्म्याला विझवणाऱ्यांपासून वेगळ्या व्हा.’ सासूबाई बऱ्या का होत नाहीत, यावर त्यांचं उत्तर असं : ‘घरात अविश्वास आहे. गोळ्या बंद करून विश्वासाचं पाऊल टाका.’ गोळ्या बंद झालेल्या नाहीत. पण जाऊ माहेरी गेली होती ते दोन दिवस यांनी त्या दिल्या नाहीत.

शेवटी त्या विचारतात : ‘कृपादान दाबलं तर देवाचा अपराध, वापरलं तर घर मोडतं. प्रीती आणि कृपादान यांचा तोल कसा साधू?’

प्रिय ताई,

आधी गोळ्यांचं बोलू. बाकी सगळं नंतर.

उद्या सकाळी सासूबाईंचं ब्लडप्रेशर मोजून घ्या आणि त्या दोन दिवसांचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जाऊबाईंनाही सांगा. मी मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते. एकदा झटका आलेल्या माणसाला दुसरा येण्याचा धोका असतोच, आणि रक्तदाबाच्या गोळ्या मनानं थांबवल्या की तो वाढतो. दुसरा झटका पहिल्याइतकं मागे ठेवत नाही. त्या दोन दिवसांत काही झालं नाही, याबद्दल मी हे पत्र वाचता वाचता देवाचे आभार मानले.

गोळी देणं म्हणजे अविश्वास, हे पवित्र शास्त्रात मला कुठे सापडलेलं नाही. प्रेषित पौलाच्या हातून आजारी बरे झाले. तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आपला सोबती त्रफिम याला त्यानं मिलेत शहरात आजारी सोडलं, हे तो स्वतः लिहितो आणि त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक शब्दही काढत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आमच्या दवाखान्यात सर्जन साहेब सुरी हातात घेण्याआधी टेबलाजवळ डोळे मिटून प्रार्थना करायचे. भूल देणारे, आम्ही नर्सेस, वॉर्डबॉय, सगळे ‘आमेन’ म्हणायचो आणि मग दिवा खाली ओढला जायचा. प्रार्थना आणि औषध यांतून एक निवडायला मला तिथे कुणी कधी सांगितलं नाही.

आता तुमच्या कृपादानाचं. तुमच्या तोंडून जी भाषा आली ती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. मला तो अनुभव नाही. पण जे आपल्याला आलं नाही ते नाहीच, असं म्हणणं बरं नव्हे. आपल्या मराठी मंडळीला तर ते मुळीच शोभत नाही, कारण तुमच्या घरापासून काही तासांवर पुणे जिल्ह्यातलं केडगाव आहे. 1905 च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात पहाटेच्या प्रार्थनेसाठी सत्तरेक जणींना बोलावलं. जूनपर्यंत त्या 550 झाल्या. त्याच महिन्यात तिथे आध्यात्मिक जागृती आली. मुली रडल्या, पापं कबूल केली, तासन्‌तास प्रार्थना केल्या. पुढच्या दीड-दोन वर्षांत तिथे अन्य भाषांतल्या प्रार्थनाही ऐकू येऊ लागल्या. तेव्हाही काहींनी नाकं मुरडली होती. रमाबाईंनी मुलींना हिडीसफिडीस केलं नाही. पण 1907 मध्ये त्यांनी आपल्या ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रात जे लिहिलं, ते तुम्ही आणि तुमच्या सभेचे पुढारी दोघांनीही मनावर घ्यावं असं आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचं एकमेव आणि अत्यंत आवश्यक चिन्ह म्हणजे परिपूर्ण दैवी प्रीती; मात्र म्हणून आरोग्य देणं, अन्य भाषा, देवाकडून आलेला संदेश सांगणं ही दानं टाकून द्यायची नाहीत.

हे लिहिणाऱ्या बाईनं 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या, अंगावर चामडी आणि हाडं उरलेल्या मुली सांभाळल्या होत्या. पहाटे प्रार्थना करणारे हातच दिवसा मुक्तीतल्या मागावर, शेतात, छापखान्यात असायचे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच मुलींनी जुळवलं आणि छापलं. आत्म्याची भरती आणि आजाऱ्याच्या अंगाखालची चादर बदलणं या दोन गोष्टी तिथे वेगवेगळ्या खात्यांत मांडलेल्या नव्हत्या.

तुम्ही मात्र त्या वेगळ्या मांडल्या आहेत. ‘तोल कसा साधू’ असं तुम्ही विचारता, तेव्हा तुमच्या मनात तराजू आहे. एका पारड्यात प्रीती, म्हणजे घर, सासूबाई, मंडळी. दुसऱ्यात कृपादान, म्हणजे देव. इकडे टाकलं की तिकडे उणं. माझं पहिलं म्हणणं या तराजूबद्दलच आहे. तो पौलानं दिलेला नाही.

ग्रीसमधल्या करिंथ शहरातली मंडळी आठवा. रोमनांनी इ. स. पूर्व 146 मध्ये ते शहर उद्ध्वस्त केलं आणि शंभर वर्षांनी ज्युलियस सीझरनं ते पुन्हा वसवलं. दोन बाजूंना दोन बंदरं, मधे पैसा. नव्यानं मोठी झालेली माणसं आणि त्यांची ‘मी कोण’ दाखवण्याची घाई. तिथल्या मंडळीला पौल आपल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच म्हणतो की तुम्ही कोणत्याही कृपादानात उणे नाही. दोन पानं पुढे त्याच लोकांना तो सांगतो की तुम्ही अजून दैहिक आहात, तान्ही बाळं आहात, कारण तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत. म्हणजे दानं भरपूर आणि माणूस कच्चा, असं होऊ शकतं. त्यांच्या प्रभुभोजनात एक जण उपाशी राहायचा आणि दुसरा मद्य पिऊन मस्त व्हायचा. कष्टकरी माणसं काम संपवून येईपर्यंत थाळ्या रिकाम्या झालेल्या असायच्या. या लोकांना तो बारावा, तेरावा आणि चौदावा अध्याय लिहितो.

आपण तेरावा अध्याय लग्नात वाचतो, पत्रिकेवर छापतो, भिंतीवर लावतो. मूळ पत्राला अध्याय नव्हतेच, ते तेराव्या शतकात पाडले गेले. सलग वाचून पाहा. आधी शरीर आणि अवयव, मग ‘याहूनही उत्तम मार्ग दाखवतो’, मग प्रीती, आणि लगेच ‘प्रीती हे तुमचं ध्येय असू द्या, आणि आध्यात्मिक दानांची उत्कंठा बाळगा.’ पौल उत्कंठा मारायला सांगत नाही. प्रीती हा मार्ग आहे असं तो म्हणतो, आणि रस्ता कुणी पारड्यात घालत नाही. दानांनी त्या रस्त्यावरून चालायचं असतं. रस्ता सोडून शेतात शिरलेली बैलगाडी कितीही जोरात पळाली तरी गावाला पोचत नाही.

आणखी एक सांगते. आपल्या भाषांतरात ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असं येतं, त्यामुळे प्रीती म्हणजे स्वभावाचा गुण वाटतो. कुणाकडे असतो, कुणाकडे नसतो. ग्रीकमध्ये त्या ओळींत एकही विशेषण नाही, ओळीनं पंधरा क्रियापदं आहेत. प्रीती धीर धरते, भलं करते, हेवा करत नाही, फुगत नाही, चिडत नाही, अपकार स्मरत नाही. सगळी कामं आहेत, आणि कामं संध्याकाळी साडेसहा वाजता, अमुक खोलीत, अमुक माणसाबरोबर करावी लागतात.

तुमची खोली खालच्या मजल्यावर आहे.

तुमच्या सात पानांत मी सगळ्यात जास्त वेळ ज्या वाक्यापाशी थांबले, ते तुम्ही सहज लिहून गेलात. सासूबाई काय म्हणतात ते घरात फक्त जाऊबाईंना कळतं. ताई, अन्य भाषेबद्दल पौलाचा नेम काय आहे? सभेत बोलणारे दोघे किंवा फार तर तिघे असावेत, तेही पाळीपाळीनं, आणि एकानं अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्यानं मंडळीत गप्प राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावं. पौल अर्थ सांगणाऱ्याला एवढा मान देतो, कारण त्याच्यामुळे परका वाटणारा आवाज घरचा होतो. तुमच्या घरात गेलं दीड वर्ष एक म्हातारी बाई कुणालाच न कळणाऱ्या शब्दांत बोलते आहे, आणि एक जण तिचा अर्थ सांगते आहे. तुम्ही शहरात जाऊन जे शोधता, ते तुमच्या जिन्याखाली रोज चाललं आहे. मी हे उपमा म्हणून लिहीत नाही. बाराव्या अध्यायाच्या शेवटी पौल दानांची यादी देतो, तेव्हा आरोग्य देणाऱ्यांच्या अगदी शेजारी तो साहाय्य करणाऱ्यांना बसवतो. एकाच ओळीत, एकाच श्वासात. तुमच्या सभेत साहाय्याचं दान असलेल्या कुणाला कधी पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवले आहेत का?

म्हणून ‘माझं कृपादान’ हा शब्दही मला खटकला. प्रत्येकाला आत्म्याचं प्रकटीकरण सर्वांच्या हितासाठी होतं, असं पौल लिहितो. ते तुमच्याकडे ठेवायला दिलं आहे, तुमच्या मालकीचं केलेलं नाही. चार संध्याकाळी तुम्ही बाहेर असता, तेव्हा ते तास कुणीतरी दुसरी भरते. ती कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. आईबापांना जे द्यायचं ते ‘देवाला अर्पण केलं आहे’ असं म्हणून न देणाऱ्यांना येशूनं फार कडक शब्द वापरले आहेत. मार्काचा सातवा अध्याय आज रात्री वाचा. स्वतःला झोडपण्यासाठी नव्हे. देवाची सेवा हे सबब म्हणून किती सहज पुढे करता येतं, ते दिसावं म्हणून.

हे मी तुम्हाला बाहेरून सांगत नाही. दवाखान्यात असताना महिला मंडळाच्या सभेत मी प्रार्थना चालवायचे. लोक म्हणायचे, सिस्टरनं प्रार्थना केली की अंगावर काटा येतो. एका बाईसाठी आणि तिच्या आजारी मुलासाठी मी ओळीनं तीन शुक्रवार प्रार्थना केली. माझा गळा दाटून आला, सभाही रडली. तिसऱ्या शुक्रवारी दारात चपला घालताना ती बाई हळूच म्हणाली, ‘सिस्टर, माझं नाव काय ते ठाऊक आहे का तुम्हाला?’ मला ठाऊक नव्हतं. तिचा मुलगा माझ्याच दवाखान्यात, माझ्या वॉर्डपासून दोन वॉर्ड पलीकडे होता आणि मी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. ‘वाजणारी थाळी किंवा झणझणणारी झांज’ हे शब्द तोपर्यंत मी पाठ म्हणायचे. त्या दिवसानंतर ते मला ऐकू यायला लागले.

पण ताई, दुसऱ्या बाजूचंही मला तितक्याच आवाजात म्हणायचं आहे. ‘प्रीतीनं राहा’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा बायकांना गप्प बसवायला वापरतात. तुमच्या पत्रात नवरा आहे, दीर आहेत, म्हणजे सासूबाईंचे दोन मुलगे. त्यांच्या संध्याकाळी कुठे जातात ते पत्रात नाही. तुम्ही सभेला जाता म्हणून नवरा चिडतो, आणि स्वतः आईजवळ बसतो का, हे मी विचारणार. सासूची सेवा ही सुनांमध्ये वाटून घ्यायची गोष्ट आहे, असं कुणी आणि कधी ठरवलं? तुम्ही चारही संध्याकाळी घरी बसलात, जाऊबाईंच्या जागी तुम्ही जुंपल्या गेलात आणि मुलगे ओट्यावर गप्पा मारत राहिले, तर त्याला मी प्रीतीचा विजय म्हणणार नाही.

पंचांनाही मला काही म्हणायचं आहे. रविवारी तुम्ही मोठ्यानं सुरू केलंत आणि अर्थ सांगायला कुणी नव्हतं, तेव्हा थांबवणं हे पौलाच्या नेमाला धरून होतं. ‘दुसरंच काही आहे’ हे शब्द मात्र नेमाला धरून नव्हते. अन्य भाषा बोलायला मनाई करू नका, असं त्याच चौदाव्या अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे. आत्म्याला विझवू नका, सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरा, असं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं आहे. त्यात विझवणं आणि पारखणं या दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. पाळकसाहेबांना एकदा घरी बोलवा. हे तिघांनी, तुम्ही, तुमचे मिस्टर आणि त्यांनी, बायबल उघडून बोलावं. करिंथातल्या बायका प्रार्थना करत होत्या, संदेश देत होत्या. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत होत्या. तुमच्या जुन्या मंडळीला तुमच्या ओठांची भीती वाटू नये, आणि तुम्हाला तिच्या शांततेची चीड येऊ नये.

सभेचं काय करायचं, ते मी तुमच्यावर सोडते. पण पारख कशी करायची ते सांगते, कारण वसईपासून जालन्यापर्यंत अशी पत्रं मला येत असतात, कॅथलिक घरांतूनही येतात. पुढच्या आठवड्यात पुढाऱ्यांना सांगा, ‘मी आता आठवड्यातून एकदाच येईन, घरी सासूबाई आहेत. आणि गोळ्या चालू राहतील.’ मग त्यांच्या तोंडाकडे बघा. त्यांनी ‘बरं केलंत, आम्ही दोघी तिघी सासूबाईंना भेटायला येऊ’ म्हटलं, तर ती सभा धरून ठेवा. त्यांनी शाप, न्याय, अविश्वास, मागे फिरणं असली भाषा काढली, तर उत्तर मिळालं. संदेश देणाऱ्यांचंही इतरांनी पारखावं, असं पौल म्हणतो. ज्या पुढाऱ्याला पारखलेलं चालत नाही, डॉक्टर चालत नाही, तुमचं घर चालत नाही आणि तुमची जुनी मंडळी चालत नाही, त्याच्यापासून वेगळं व्हायला मी तुम्हाला सांगेन. कृपादान देणारा तो नव्हता, त्यामुळे ते त्याच्या दारात ठेवून यावं लागत नाही. पहाटे उठून आपल्या खोलीत त्याच भाषेत प्रार्थना करा. पौल म्हणतो, तुम्हा सर्वांपेक्षा मी अधिक अन्य भाषा बोलतो. पण मंडळीत त्याला दहा हजार शब्दांपेक्षा लोकांना कळतील असे पाच शब्द अधिक मोलाचे वाटतात.

असेच थोडके शब्द तुम्हाला मैत्रिणीला सांगायचे आहेत. ‘मी तसं बोलायला नको होतं.’ संपलं. तिच्या घरी जा, आधी फोन करू नका. ‘पण तुम्हीही मला’ हे वाक्य घरी ठेवून जा, बायबलमधलं वचनही घरी ठेवून जा. आत्म्याबद्दल तुमचं मत बदललं आहे की नाही, हा विषय त्या दिवशी नको. ती लगेच विरघळेल असं मी म्हणत नाही. वीस वर्षांच्या मैत्रीला लागलेला तो घाव आहे, भरायला वेळ घेईल. महिला मंडळाच्या पुढच्या सभेत कुणी सांगण्याआधी चटया अंथरायला लागा.

आता घर. आधी जाऊबाईंशी एकटीनं बोला, नवऱ्याच्या देखत नको. त्या दोन दिवसांच्या गोळ्यांची क्षमा मागा. मग त्यांना विचारा की आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी तुम्हाला मोकळ्या हव्यात. तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या. त्या ‘नको, राहू दे’ म्हणतील. दीड वर्ष कुणी न विचारलेली बाई पहिल्यांदा असंच म्हणते. पुन्हा विचारा. मग दोघींनी मिळून मुलग्यांसमोर बसा. रात्रीची पाळी त्यांची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. उचलून बसवायला तर दोन माणसं आणि पुरुषाचं बळ लागतंच. काय करायचं ते जाऊबाई शिकवतील, आणि तुम्ही सगळे त्यांचे विद्यार्थी व्हाल. फिजिओथेरपी बंद पडली असेल तर पुन्हा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. दीड वर्षानंतरही सुधारणा होऊ शकते.

मुलीला घेऊन बसा. तिनं जे विचारलं ते उद्धटपणे विचारलेलं नाही. मंडळीतल्या कुणीही जे तुम्हाला नीट सांगितलं नाही, ते तिनं एका वाक्यात सांगितलं. संदेश देण्याचं दान कुणाला मिळतं, ते आपण ठरवत नाही.

आणि सासूबाई. उजवी बाजू जाते तेव्हा पुष्कळदा वाचाही जाते, कारण भाषेचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं. याला वाचाघात म्हणतात. बोलणं गेलं म्हणजे समज गेली, असं नव्हे. खोलीत तुम्ही काय बोलता, ‘अविश्वास’ कुणाचा म्हणता, ते त्यांना कळत असण्याची पुष्कळ शक्यता आहे. त्यांच्याशी बोलताना समोर, त्यांना दिसाल अशा बसा. टीव्ही बंद. एका वेळी एक छोटा प्रश्न, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असा. मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जाऊबाईंना अर्थ कळतो तो त्या थांबतात म्हणून, असा माझा कयास आहे.

वॉर्डमध्ये मी अनेकदा पाहिलेली आणि वैद्यकशास्त्रालाही ठाऊक असलेली एक गोष्ट सांगते. वाचा गेलेल्या माणसाला साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेलं गाणं त्याला कधी कधी शब्दांसकट गाता येतं. आकडे म्हणता येतात, पाठ प्रार्थना म्हणता येते. नेहमी नाही, सगळ्यांना नाही. तुमच्या सासूबाई सत्तर वर्षं उपासनेला बसल्या आहेत. आज तुमची सभेची संध्याकाळ असेल तर आज जाऊ नका. दिवा लावल्यावर खाली जा, त्यांचा डावा हात हातात घ्या आणि त्यांचं आवडतं जुनं गीत, ज्या चालीवर त्या गायच्या त्याच चालीवर, हळू म्हणा. मग प्रभूची प्रार्थना. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढं म्हणा आणि थांबा. पुढचं त्यांना म्हणू द्या. आलं नाही तर घाई करू नका, तेवढंच पुन्हा म्हणा आणि पुन्हा थांबा.